पापी मामा

आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा अंगठा चोखणारा असो की मिशा फुटलेला, तो दारात आला की मामाने वाकायचं, ही रीत. नागपूरच्या पलीकडची माणसं हे ऐकून हसतात, कारण त्यांच्याकडे लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं असतं. हसू देत. आमच्याकडे चुकून भाच्याला पाय लागला तर मामा जेवता जेवता उठून आधी नमस्कार करतो, मग पुढचा घास घेतो. भाच्याला लाथ मारणारा मामा अशी शिवीसुद्धा आमच्या बोलीत नाही, कारण असा माणूस असू शकतो हे कोणाला कधी सुचलंच नाही.

तो माणूस मी झालो. गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी मंडयांमध्ये मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला लाथा घातल्या, आणि त्या बघायला लोकांनी गर्दी केली.

भाऊबीज आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. धान कापून झालेलं असतं किंवा होत आलेलं असतं. लेकी, जावई, व्याही सगळे त्या गावात जमतात. जिलेबीची, शिंगाड्यांची, बांगड्यांची दुकानं लागतात, दुपारी दंडारीची सोंगं नाचतात, रात्री नाटक असतं. माझ्या तरुणपणी दुपारी कुस्त्याही व्हायच्या, आणि मी त्यातला पैलवान. एका नारळासाठी आणि एका शेल्यासाठी मी अंगाची माती करून घेतली. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पुढे टीव्हीवर लांब केसांचे, रंगीत चड्ड्यांचे पैलवान एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालायला लागले आणि आमच्या मातीकडे कुत्रंही फिरकेना.

गोंदियात एक बिछायत केंद्रवाला होता. लग्नाचे मांडव, कनाती, भोंगे भाड्याने देणारा, हिंदी बोलणारा, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याची मुलं दिवसभर ती टीव्हीवरची मारामारी बघायची. एके दिवशी तोही बघत बसला आणि त्याच्या डोक्यात आलं की आपल्याकडे खांब आहेत, दोर आहेत, गाद्या आहेत, भोंगेही आहेत. कमी आहेत ती फक्त मार खाणारी माणसं. त्याने आसपासचे माझ्यासारखे बसलेले पैलवान गोळा केले आणि कंपनी काढली. आम्ही त्याला मालक म्हणायचो. त्याचा साळा माइकवर ओरडायचा. आवाज असा की शेजारच्या गावातल्या म्हशी दावं तोडतील.

पहिल्याच भेटीत मालकाने मला विचारलं, "तेरेको गिरना आता है?"

मला राग आला. पैलवानाला असं विचारतात का? माझी सगळी उमर न पडायला शिकण्यात गेली होती. पण घरी ठेक्याची शेती, आणि वर्षातले निम्मे महिने हात रिकामे. मी गेलो. आणि तिथे मला कळलं की त्या धंद्यात पडणं हेच सगळं काही आहे.

लढतीत कोण जिंकणार हे चहा पितानाच ठरलेलं असायचं. पुढचं सगळं झेलणाऱ्यावर. हिरो कोपऱ्यातल्या खांबावर चढतो, हात पसरतो, लोक शिट्ट्या मारतात आणि तो खालच्या माणसाच्या अंगावर उडी घेतो. लोकांना वाटतं त्याने खालच्याला चिरडलं. खरं तर खालच्याने त्याला छातीवर झेललेलं असतं, त्याची मान आपल्या खांद्यात घेतलेली असते आणि सगळा मार आपल्या पाठीवर नेलेला असतो. झेल चुकला तर वरचा माणूस गेला. ही गोष्ट मी भाच्याला पहिल्या दिवशी सांगितली, त्याच्या आईला मात्र सांगितली नाही. सांगितली असती तर तिने पोराला उंबरठ्याबाहेर पडू दिलं नसतं.

माझी बहीण गोरेगावच्या बाजूला राहते. माझ्याहून मोठी. दाजी लवकर गेले. धानाच्या रोवण्याला दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये वाकून वाकून तिने हा एकुलता एक मुलगा वाढवला. मुलगा उंच, देखणा, केसांवरून सारखा हात फिरवणारा, आणि कामाच्या नावाने बोंब. मालकाची नजर त्याच्यावर पडली ती माझ्याच घरी. मी न्यायला गेलो तेव्हा बहीण तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नेऊन राहिला तं ने. मामाच तू. पन जसा नेला तसा मले आनून दे."

"आनून देतो ना बाई," मी म्हणालो. "कायले घाबरतं?"

सुरुवातीला आम्ही मामा-भाचे आहोत हे लोकांना ठाऊक नव्हतं. मी तोंडाला काळं फासून दरोडेखोर व्हायचो, तो जंगलचा वाघ म्हणून पिवळ्या चड्डीत यायचा. रिंगणात जायच्या आधी, कनातीच्या आड, मी रोज त्याच्या पाया पडायचो. "भाच्या, आता मारतो, माफ कर." त्याला लाज वाटायची. बाकीचे पैलवान दात काढायचे. "पुरे ना गा मामा," म्हणत तो पाय मागे ओढायचा. पण मी पडल्याशिवाय सोडत नसे. ते केलं नाही तर माझी लाथ उठायचीच नाही.

आणि लाथ लागायची नाही. चार बोटं आधी थांबायची, आवाज मी टाचेने कडेच्या फळीवर काढायचो. हा सगळा हिशेब दोघांचा होता, आणि तो कधी चुकला नाही.

एकदाच चुकला. अर्जुनी मोरगावकडच्या एका मंडईत. समोर बांगड्यांच्या दुकानाजवळ कोणी मुलगी उभी होती म्हणे. भाचेसाहेबांनी ऐन लाथेच्या वेळी तिकडे मान वळवली आणि माझी टाच त्याच्या कानशिलावर बसली. खरीखुरी. तो गुडघ्यावर आला. आणि मी, तोंडाला काळं फासलेला दरोडेखोर, हातातला लाकडी कोयता टाकून सगळ्या गावासमोर वाकलो आणि त्याच्या दोन्ही पायांना हात लावून ते हात कपाळाला लावले. डोक्यात काहीच नव्हतं. हात आपसूक गेले.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी टाळी वाजवून ओरडली, "अवो बाई, मामा-भाचे होत हे!" आणि सगळी मंडई हसायला लागली. एका दरोडेखोराने वाघाच्या पाया पडल्यावर पुढे काय लढत होणार? लहान पोरंसुद्धा उठून जिलेबीकडे गेली.

मालकाने मला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. "सत्यानाश कर दिया! पैर छूने को लाया था क्या तेरेको?" परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये तो धुमसत होता. मग गोरेगावजवळ चहाला थांबलो तेव्हा त्याने सहज विचारलं, की हे पाया पडायचं काय प्रकरण आहे. तो मूळचा बाहेरचा, त्याच्यात ही रीत नाही. मी सगळं समजावून सांगितलं. भाच्याला पाय लागणं म्हणजे पाप, भाच्याला मारणं म्हणजे तर विचारूच नको. तो ऐकत राहिला. खर्रा थुंकला. पुन्हा ट्रकमध्ये बसताना म्हणाला, "कल से डाकू बंद. कल से तू मामा है."

माझ्या बोलण्यातून त्याला काय सापडलं हे मला पुढच्या मंडईत कळलं. माइकवर साळा ओरडू लागला, की गावकऱ्यांनो, हे दोघं सख्खे मामा-भाचे आहेत. रिंगणात पाट मांडला गेला. पितळी परातीत पाणी आलं. भाचा पाटावर उभा राहिला, हात जोडून, गोंडस चेहरा करून. आता मामा पाय धुणार म्हणून बायका कौतुकाने बघू लागल्या. मी वाकलो. आणि ठरल्याप्रमाणे परात लाथेने उडवून दिली.

अशी ओरड मी जन्मात ऐकली नव्हती. म्हातारी माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. एका बाईने पायातली चप्पल काढून माझ्या तोंडावर मारली आणि नेम चुकला नाही. मग भाच्याने मला उचलून आपटलं, खांबावरून उडी मारली, मी झेललं, पडलो, निपचित राहिलो, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन दंडारीच्या मांडवापर्यंत नाचवलं. त्या दिवशी माझा भाचा हिरो झाला. लोक त्याच्या उडीची वाखाणणी करत होते, पण त्याला हिरो केला तो माझ्या लाथेने.

दोन हंगाम आम्ही नुसते गाजलो. पोरं त्याच्यासारखे केस कापून घ्यायची. मुली त्याच्याबरोबर फोटो काढायच्या. पोस्टरवर तो मोठा, मी त्याच्या मागे दात विचकत. मला लोक नावाने ओळखेनासे झाले, मी पापी मामा. गोरेगावच्या बाजारात एका भाजीवालीने माझ्या पिशवीत टाकलेली वांगी परत काढून घेतली. "भाच्याले लात मारतं ना? चाल, पुढं हो." मी म्हटलं, "अवो, नाटक हाये ते." ती म्हणाली, "नाटक होय का फाटक, पाय तं तुयाच होता." मला राग यायचा, आणि खरं सांगू, मनातून बरंही वाटायचं. माणसं इतकी चिडतात म्हणजे काम चोख आहे. घरी आलो की बायको म्हणायची, तुमचं डोकं फिरलंय. तेही खरं होतं.

मग मालकाचं आणि साळ्याचं बिनसलं. कशावरून ते त्यांनाच ठाऊक. साळ्याने वेगळी कंपनी काढली आणि मंडयांच्या कमिट्यांकडे दोघांच्या गाड्या फिरू लागल्या. हा म्हणे असली, तो म्हणे ओरिजनल. एकाने पोस्टर लावलं की दुसऱ्याची माणसं त्यावर शेण मारायची. एकदा तर एकाच गावाच्या दोन टोकांना दोन्ही कंपन्यांचे भोंगे समोरासमोर सुरू झाले आणि मधल्या घरातल्या बाळंतिणीचा बाप विळा घेऊन दोघांच्या अंगावर धावला. दोन बैल झुंजतात आणि धानाचा चेंदा होतो, तसं आमचं पैलवानांचं झालं. आज इकडचा तिकडे, उद्या तिकडचा इकडे. पण साळ्याला खरा पाहिजे होता तो माझा भाचा.

त्याने भाच्याला काय सांगितलं ते मला नंतर भाच्याकडूनच कळलं. पोस्टरवर तू एकटा. मामा-बिमा काही नाही. चकचकीत लोखंडी रिंगण, निळं रेक्झिन, मोबाइलवर टाकायचे व्हिडिओ, पुढच्या वर्षी नागपूर. दिवाळीच्या तोंडावर भाचा माझ्याकडे आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "मामा, मी जाऊन राहिलो."

"कायले?"

"लोकं म्हनतात मामा पडते म्हनून भाचा जिंकते. मले एकट्यानं करून दाखवाचं हाये."

मी गप्प बसलो नाही. बोलू नये ते बोललो, तोही बोलला. शेवटी विचारलं, "तिकडं तुले झेलनारा कोन हाये?"

"हाये एक. बालाघाटचा. जिमचा पोरगा. माझ्या दुप्पट दंड हायेत त्याचे."

दंडाने झेल मिळत नाही, हे त्याला मी किती वर्षं शिकवत होतो. तो उठला. मी पाया पडायला वाकलो तोवर त्याने गाडीला किक मारली होती.

आमच्या कंपनीचा बोजवारा उडाला. मालकाने कुठूनतरी दुसरा भाचा आणला, पण लोकांनी हा खोटा म्हणून हाकलला. इकडे देवरीच्या स्टँडवर साळ्याचं नवं पोस्टर लागलं. त्यात माझा भाचा हवेत होता, दोन्ही हात पसरलेले, आणि मागे एक मचाण काढलेलं. खांबाच्या जागी मचाणावरून उडी! घराच्या आढ्याइतक्या उंचीवरून. गाव होतं चिचगडच्या अलीकडचं, मंडई दुसऱ्याच दिवशी. मी त्या पोस्टरसमोर उभा राहून मचाणाची उंची मनात मोजत होतो. एवढ्या उंचीवरून मी स्वतः त्याला झेललं असतं की नाही, सांगता आलं नसतं.

भाच्याला फोन केले. उचलले नाहीत. बहिणीला फोन करायला घेतला आणि ठेवला. मालकाला सांगितलं की मी उद्या तिकडे जातो. तो म्हणाला, "उधर गया तो वापस मत आना." मी म्हटलं, बरं.

मंडईत पोहोचलो तेव्हा जेवणवेळ झाली होती. गर्दी इतकी की मोटरसायकल शेतातल्या बांधीच्या धुऱ्यावर टाकून चालत जावं लागलं. आधी मी रिंगण बघितलं. साळ्याची माणसं जेवत होती म्हणून जवळ जाता आलं. वरचं निळं रेक्झिन झकास दिसत होतं. हाताने दाबून पाहिलं, खाली पातळ फोम, त्याखाली सरळ प्लायवूड. आमच्या रिंगणात गाद्यांखाली हातभर धानाचा तणीस असायचा, दर खेळाला नवा. इथे काडी नव्हती. आणि मचाण बांधलं होतं मावळतीच्या अंगाला. दुपारचा खेळ, म्हणजे खालून वर बघणाऱ्याच्या डोळ्यांत सरळ ऊन. आम्ही हिरोला नेहमी उगवतीच्या खांबावर चढवायचो. ही अक्कल त्यांच्यातल्या एकालाही नव्हती.

कनातीजवळ मला दोघांनी अडवलं. पापी मामा आला म्हणजे खेळ मोडायलाच आला, असं त्यांना वाटलं. मी ओरडून भाच्याला हाक मारली. तो बाहेर आला. अंगाला तेल, कपाळावर सोनेरी पट्टी. चांगला दिसत होता. माझ्यावर चिडला होता तरी चांगला दिसत होता.

मी हात जोडले. खरंच जोडले. "भाच्या, ते मचान नोको. ऊन त्या पोराच्या डोऱ्यांत जाते, खाली तनीस नाई. नाई तं मले खाली उभा राहू दे. तोंडाले फडकं बांधतो, कोनी ओरखनार नाई."

"तू आला म्हनजे झालंच मंग. मामाबगर याले जमत नाई म्हनतील."

"म्हनू दे ना गा."

"नाई."

"बरं, नोको तं नोको. पाया तं पडू दे." मी वाकलो. त्याने दोन्ही पाय मागे घेतले, दोन पावलं सरकला.

"आज नोको मामा. लोकं पाहून राहिले."

कनात पडली. मी गर्दीत जाऊन उभा राहिलो, रिंगणाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. अंगावर शाल ओढून घेतली, कोणी ओळखू नये म्हणून. माझ्या शेजारी एक जावई पोराला खांद्यावर घेऊन उसाचं कांडं सोलत होता. मला वाटत होतं त्याच्या हातातला ऊस हिसकून फेकावा. वाटत होतं ओरडावं. देवा, त्याला सर्दी होऊ दे, पायात कळ येऊ दे, दोर तुटू दे, पण तो वर चढू देऊ नकोस, असं काहीबाही मी पुटपुटत होतो.

तो चढला. मचाणावर उभा राहून त्याने हात पसरले. शिट्ट्या, भोंगे, पोरांचे मोबाइल वर. खाली तो बालाघाटचा पोरगा उभा होता. त्याने वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला, आणि ऊन चुकवायला एक पाऊल मागे घेतलं. एकच. भाचा तेव्हा हवेत होता.

आवाज प्लायवूडचा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी लोकांवरून धावलो. माझी शाल कोणाच्या तरी हातात राहिली. दोराशी पोहोचलो तोच कोणीतरी ओळखलं, "अरे मामा! मामा आला!" आणि सगळी मंडई उसळली. त्यांना वाटलं हाही खेळच. साळ्यालाही तेच वाटलं, की मी कंपनी बदलून ऐन मोक्यावर आलोय. तो माइकवर बोंबलू लागला, "देखिए, देखिए, पापी मामा आ गया!" दोन-चार तरुण पोरांनी माझा शर्ट धरून मला मागे ओढलं. "जाऊ नोको देऊ त्याले! मारते तो वाघाले!" मी म्हणालो, अरे सोडा, लागलंय त्याला. ते हसले. उसाचे चोथे माझ्यावर पडू लागले. एक चप्पल येऊन पाठीत बसली. मी शर्ट फाडून घेतला आणि दोराखालून आत गेलो.

भाचा उताणा पडला होता. डोळे उघडे. बालाघाटचा पोरगा पांढराफटक पडून त्याला काखेत धरून उठवायला बघत होता. "हलवू नोको!" मी ओरडलो आणि त्याला ढकललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "गाडी आना! गाडी आना गा कोनी!" मी सगळ्या बाजूंना हात जोडून ओरडत होतो. लोक हसत होते. मी रडत होतो आणि लोक हसत होते. माझ्या रडण्याची नक्कल करून एक पोरगा शेजारच्याला दाखवत होता. दोन हंगाम मी या माणसांना पटवून दिलं होतं की मी जे करतो ते सगळं कपट असतं, आणि त्यांना ते अगदी नीट पटलं होतं.

तेव्हा मला काही सुचेना म्हणून मी त्याच्या पायांशी गुडघे टेकले आणि त्याच्या दोन्ही पावलांवर माझं डोकं ठेवलं. लोकांना पटावं म्हणून नाही. मी थकलो होतो, घाबरलो होतो, आणि भाच्यापुढे आम्ही हेच करतो.

हसणं आधी पुढच्या बायकांमधून थांबलं. पापी मामा परातीला लाथ मारतो, डोकं ठेवत नाही, हे त्यांना माहीत होतं. कोणीतरी बाई मोठ्याने म्हणाली, "अवो, खरंच लागलं वाटते पोराले." मग एकेक भोंगा बंद झाला. माणसं धावली. दंडारीच्या मांडवातून कोणी फळी आणली, कोणी गाडी वळवली. ज्याने मला ओढलं होतं तोच पोरगा फळीचं एक टोक धरून रडत होता.

माझं डोकं अजून पावलांवर होतं. भाचा हळूच म्हणाला, "मामा, काय करून राहिला?"

"पाया पडून राहिलो ना गा."

त्याने मान न हलवता डोळे पायांकडे वळवले. मग म्हणाला, "मंग मले काऊन समजून नाई राहिलं?"

गोंदियाचा दवाखाना, मग नागपूरचा. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, पाठीच्या कण्यातली जागा दाखवली. काही सांगता येत नाही म्हणाले. कधीकधी पायांतलं बळ येतं परत, कधीकधी नाही. व्यायाम करत राहा. बहीण नागपूरला आली तेव्हा मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती त्याच्या उशाशी बसली, केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू होता ना तिथंच? मंग तू काऊन नाई झेललं?" मी तिला मचाण, ऊन, कनात, काही सांगितलं नाही. तिचा प्रश्न बरोबर होता.

आता तो माझ्याकडे असतो. बहीणही इथेच आहे. महिन्याभराने मालक येऊन गेला. त्याच्या मागोमाग, आठवडाही झाला नसेल, साळा आला. दोघांनी फळं आणली आणि दोघांच्या डोक्यात एकच कल्पना होती. रिंगणात मी डोकं ठेवलं त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरलाय, लोक बघून रडतात. तर भाच्याला खुर्चीवर बसवायचं, पितळी परात आणायची आणि पश्चात्ताप झालेल्या मामाने सगळ्यांसमोर त्याचे पाय धुवायचे. मालक म्हणाला, हमारे यहाँ करना, उसके यहाँ मत करना. मी फळांची पिशवी रस्त्यावर फेकली. साळ्याच्या वेळी तर हात उचलला, बायकोने धरला म्हणून तो वाचला. त्यांना शिव्या देऊन माझं पोट भरत नाही. ते गेल्यावर भाच्याने खिडकीकडे तोंड केलं आणि विचारलं, "किती लोकं पाह्यतात म्हने तो व्हिडिओ?"

रोज सकाळी, व्यायामाच्या आधी, मी परातीत कोमट पाणी घेऊन त्याच्या बाजेशी बसतो. पाय धुतो, पुसतो. मग वाकून दोन्ही पावलांवर हात ठेवतो आणि ठेवूनच बसतो. त्याची आई दारात उभी असते. पूर्वी मी वाकलो की त्याला लाज वाटायची, पुरे ना गा मामा म्हणत तो झटक्यात पाय मागे घ्यायचा, आणि मला त्याचा राग यायचा.

"ओढ ना गा भाच्या," मी म्हणतो. "मागं ओढ."